मोबाईल ‘दुरुस्त’ करून देणारा फोन : ओळख, बचाव आणि उपाय



आजच्या संदेशात भातावरचा करपा नाही आणि भेंडीवरचा हळद्याही नाही. आजचा विषय मोबाईलचा आहे. संदेश मोठा आहे, पण पीक विकून आलेले पैसे खात्यात सुरक्षित राहणं हाही शेतीचाच भाग आहे, म्हणून सवडीने पूर्ण वाचा. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

भात आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर घातलं, पैसे यायचे आहेत. पीएम किसानचा हप्ता अडकलाय. ॲग्रिस्टॅकच्या नोंदणीत एक गट नंबर कमी दिसतोय. अशा वेळी फोन येतो : "दादा, तुमच्या खात्यात तांत्रिक अडचण आहे, मी ऑफिसमधून बोलतोय, दोन मिनिटांत दुरुस्त करून देतो." आपल्याला खरोखरच अडचण असते, म्हणून आपला विश्वास बसतो. समोरच्याला आपली अडचण माहीत असायची गरज नसते. शंभर जणांना फोन केला तर चार-पाच जणांचा हप्ता कुठेतरी अडकलेला असतोच.

१. हे लोक कोण असतात?

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण सांगतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड टाकली. ७०० हून अधिक लोकांना ताब्यात घेतलं आणि त्यातल्या सुमारे ७० जणांना अटक झाली. तिथली पोरं-पोरी अमेरिकेतल्या लोकांना फोन करायची. आम्ही तुमच्या प्राप्तिकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, आत्ता भरा नाहीतर पोलीस येतील, असं सांगायची. घाबरलेला माणूस दुकानात जाऊन गिफ्ट कार्ड विकत घ्यायचा आणि त्यावरचा नंबर फोनवर वाचून दाखवायचा. त्या नंबरातच पैसे. मुख्य आरोपी पुढे एप्रिल २०१७ मध्ये दुबईहून येताना मुंबई विमानतळावर पकडला गेला.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, हा एकट्या-दुकट्याचा उद्योग नाही. बोलायचं काय ते कागदावर लिहून दिलेलं असतं आणि तुम्ही काय विचाराल त्याची उत्तरंही तयार असतात. म्हणून समोरचा माणूस अडखळत नाही. दुसरी, फसलेले अमेरिकन लोक शिकलेले होते, त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या फोनला फसले. म्हणजे फसणं हे अडाणीपणाचं लक्षण नाही. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचा उपयोग आहे.

परदेशात हीच टोळीवाली मंडळी ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आलाय, आम्ही कंपनीतून बोलतोय’ असं सांगून पैसे काढतात. आपल्याकडे घरोघरी कॉम्प्युटर नाही, मोबाईल आहे. म्हणून इथे व्हायरसच्या जागी वीजबिल, केवायसी आणि अडकलेला हप्ता आला.

२. आपल्याकडे येणारे चार प्रकार

(अ) वीज कापण्याचा मेसेज. २०२२ च्या सुमारास महाराष्ट्रभर हा मेसेज फिरला, आणि अजूनही येतो : मागील महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा. फोन केला की तो एक ॲप घ्यायला लावतो आणि ‘खातं अपडेट करायला’ फक्त १० रुपये भरायला सांगतो. त्याला १० रुपयांशी काही देणं-घेणं नसतं. ते भरताना तुम्ही कार्डाचा नंबर किंवा पिन टाकता, तेवढंच त्याला बघायचं असतं.

इथे कायदा माहीत असला की भीती जाते. विद्युत कायदा २००३, कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दुपारी मेसेज आणि रात्री अंधार, असं होत नाही. महावितरणचा खरा मेसेज ‘एमएसईडीसीएल’ या नावाने येतो, दहा आकडी खासगी मोबाईल नंबरवरून येत नाही. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्याची मोफत वीज योजना लागू आहे, तेव्हा ‘पंपाचं बिल थकलं’ म्हणणाऱ्याला तिथेच ओळखा.

(आ) व्हॉट्सॲपवर आलेली फाईल. नाव असतं पीएम किसान, ई-केवायसी, आरटीओ चलन, नाहीतर लग्नपत्रिका. फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. एपीके म्हणजे फोटो नाही, कागद नाही, ते अख्खं ॲप असतं. उघडलं की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. आपण घाईत ‘अलाऊ’ दाबतो. त्यानंतर बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि तुम्ही बघायच्या आत पुढे त्याच्याकडे जातो. ही फाईल बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून येते, कारण त्याचा फोन आधीच त्यांच्या ताब्यात गेलेला असतो. गावच्या ग्रुपवर सरपंचांच्या नावाने आली तरी ती फाईल सरपंचांनी पाठवली असेलच असं नाही.

(इ) गुगलवर शोधलेला कस्टमर केअर नंबर. यात फोन तो करत नाही, आपण करतो. ठिबकचा संच बिघडला, फास्टॅगमधून दोनदा पैसे कापले, यूपीआयने पाठवलेले पैसे अडकले. मग आपण गुगलवर ‘कस्टमर केअर’ लिहितो आणि पहिला दिसेल तो नंबर फिरवतो. त्या यादीत फसवणाऱ्यांनी स्वतःचे नंबर पेरून ठेवलेले असतात. आपणच फोन केला म्हणून संशयही येत नाही. हा प्रकार सगळ्यात धोक्याचा.

(ई) सौर पंप किंवा अनुदान मंजूर झाल्याचा फोन. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के असतो. हिस्सा भरायचा असतो ही गोष्ट खरी, म्हणून फसवणूक सोपी होते. कुसुम योजनेच्या नावाने खोट्या वेबसाईट निघाल्याचा इशारा केंद्राच्या नवीन ऊर्जा मंत्रालयानेही दिलेला आहे. हिस्सा फक्त महावितरणच्या अधिकृत पोर्टलवर तुमच्या अर्जाच्या नंबरासह भरायचा. कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा क्यूआर कोडवर भरायचा नाही.

३. ॲप घेतल्यावर नेमकं होतं काय?

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट ही ॲप मुळात खोटी नाहीत. लांब बसलेल्या माणसाला आपली स्क्रीन दाखवण्यासाठी ती बनवलेली आहेत आणि ती प्ले स्टोअरवरच मिळतात. म्हणूनच ‘प्ले स्टोअरवरून घ्या, सुरक्षित आहे’ असं तो सांगतो तेव्हा खोटं वाटत नाही.

ॲप उघडलं की त्यात नऊ-दहा आकडी नंबर दिसतो. तो नंबर तुम्ही वाचून दाखवला आणि परवानगी दिली की तुमची स्क्रीन त्याच्यासमोर. काही फोनमध्ये तो तिकडून बोटही फिरवू शकतो. ट्रॅक्टरवर तुम्ही बसलेले आणि स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात, अशी गत. मग तो म्हणतो, "आता एक रुपया पाठवून बघा, खातं चालू झालं का ते कळेल." तुम्ही आकडे दाबता, तो बघतो. ओटीपी येतो, तोही बघतो. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या या वापराबद्दल बँकांना फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं.

नियम एकच धरा : फोनवर बोलणारा माणूस कुठलंही ॲप घ्यायला सांगतो तेव्हा फोन ठेवायचा. ॲप चांगलं की वाईट, हे तपासत बसायचं नाही.

४. ओळखायची लक्षणं

रोग ओळखताना आपण एका पानावरून ठरवत नाही, पण इथे खालीलपैकी एक लक्षण दिसलं तरी पुरे.

• घाई. आत्ता, आजच, पाच मिनिटांत. खऱ्या कार्यालयाला कधीच एवढी घाई नसते, हे आपल्याला तहसीलच्या फेऱ्या मारून चांगलं ठाऊक आहे.
• ‘फोन कट करू नका’ आणि ‘घरात कुणाला सांगू नका’.
• ओटीपी, यूपीआय पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे मागणं.
• पैसे मिळण्यासाठी पिन टाकायला सांगणं. यूपीआयमध्ये पिन फक्त पैसे देताना आणि शिल्लक बघताना लागतो. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही.
• चांदणी आणि आकडे असलेला कोड डायल करायला लावणं. त्याने तुमचे फोन दुसऱ्या नंबरवर वळवले जातात आणि बँकेचा फोनवरून येणारा ओटीपी त्याला ऐकू जातो.

तुमचं नाव, गाव, गट नंबर किंवा आधारचे शेवटचे चार आकडे त्याला माहीत असतील, तर ती खरेपणाची खूण समजू नका. अशी माहिती बाहेर सहज मिळते. सातबारा तर कुणालाही ऑनलाईन बघता येतो.

५. आज रात्री करायची पाच कामं

जेवण झाल्यावर फोन घेऊन बसा. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या मुला-मुलीला सांगा. वीस मिनिटांचं काम आहे.

१) सेटिंगमध्ये वर शोधायच्या जागी ‘अननोन ॲप्स’ लिहा. व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाईल मॅनेजर यांच्यासमोरची परवानगी बंद करा. मग व्हॉट्सॲपवर आलेली एपीके चुकून दाबली तरी ती आपोआप बसणार नाही.

२) प्ले स्टोअर उघडा, कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा, ‘प्ले प्रोटेक्ट’ चालू आहे का बघा आणि एकदा तपासणी करून घ्या.

३) फोनमधली सगळी ॲप एकदा नजरेखालून घाला. एनीडेस्क किंवा त्याच्यासारखं काही असेल, किंवा कधी घेतलं ते आठवतच नाही असं काही असेल, तर काढून टाका.

४) डायलरवर ##००२# दाबून कॉलचं बटण दाबा (आकडे इंग्रजीत). आपले फोन कुठे वळवलेले असतील तर ते बंद होतात. हा कोड आपल्या फायद्याचा आहे. दुसरा कुणी फोनवर सांगेल तो कोड दाबायचा नाही.

५) दोन खाती ठेवा. भाताचे, दुधाचे, भाजीचे मोठे पैसे आणि अनुदान ज्या खात्यात येतं, त्याला यूपीआय जोडू नका. रोजच्या खर्चाचं खातं वेगळं ठेवा, त्यात दोन-चार हजारच असू द्या आणि यूपीआय त्यालाच जोडा. उद्या काही घडलंच तर वर्षाची कमाई जाणार नाही. बी सगळं एकाच खाचरात टाकून आपण पावसाची वाट बघत नाही, तसंच हे.

अनेक घरांत फोन एक आणि वापरणारे पाच असतात. बाबांचं खातं, आईच्या बचत गटाचा ओटीपी आणि धाकट्याचा गेम, सगळं एकाच फोनवर. म्हणून हे नियम घरातल्या सगळ्यांना माहीत हवेत, फक्त सभासदाला नाही.

६. खरं विचारायचं कुठे?

हे नंबर वहीत लिहून भिंतीला लावा, म्हणजे गुगलवर शोधायला लागणार नाही.

महावितरण : १९१२ किंवा १८००-२३३-३४३५
पीएम किसान : १५५२६१
पीक विमा : १४४४७
किसान कॉल सेंटर : १८००-१८०-१५५१
सायबर फसवणूक : १९३०

बँकेचा नंबर पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच वापरा. शेतकरी ओळख क्रमांकाची दुरुस्ती तलाठी कार्यालयात किंवा आपले सरकार, सीएससी केंद्रावर होते. भाताच्या पैशांची चौकशी जिथे भात घातलं त्या केंद्रावर करा, पावती सोबत न्या.

आपल्या कंपनीबद्दलही स्पष्ट सांगतो. कंपनी तुमच्याकडून ओटीपी, पिन किंवा आधारचा फोटो फोनवर कधीही मागणार नाही. या यादीवरून एपीके फाईल कधीही येणार नाही. खत-बियाण्याचे पैसे आपण पावती पुस्तकावरच घेतो. माझ्या नावाने किंवा माझ्यासारख्या आवाजात कुणी पैसे मागितले, तर फोन ठेवा आणि पावतीवर छापलेल्या नंबरवर उलटा फोन करा. मला राग येणार नाही, आनंदच होईल.

७. पैसे गेलेच तर

पहिला तास सगळ्यात मोलाचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पळवले जातात आणि शेवटी एटीएममधून काढले जातात. १९३० वर तक्रार गेली की पैसे ज्या बँकेत पोहोचले असतील तिथे ते रोखून धरायला कळवलं जातं. पैसे काढून नेण्याआधी तक्रार पोहोचली तर ते वाचू शकतात. पाण्याचा पाट फुटल्यावर आपण आधी दारं धरतो, कुणी फोडला ते नंतर बघतो. इथेही तसंच, या क्रमाने :

१) फोन फ्लाईट मोडवर टाका, म्हणजे समोरच्याचा ताबा सुटतो.
२) दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा : खातं, कार्ड आणि यूपीआय बंद करा. तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या.
३) लगेच १९३० लावा. बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय क्रमांक सांगा. लाईन लागली नाही तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी वेबसाईटवर तक्रार नोंदवा.
४) मेसेज, कॉलची नोंद, फाईल यातलं काहीही पुसू नका. पोलिसांना दाखवल्याशिवाय फोन रिसेट करू नका.
५) जवळच्या पोलीस ठाण्यात जा : शहापूर, वासिंद, किन्हवली, कसारा, मुरबाड किंवा टोकावडे. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

बँकेला लवकर कळवण्याचं आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. पण कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेची. तुमची काहीच चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले असतील आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर बोजा येत नाही. म्हणून तक्रारीचा नंबर आणि वेळ यांना सातबाऱ्याइतकं जपा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या नंबरवर लोकपालाकडे तक्रार कशी करायची ते सांगतात.

आणि ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन नंतर आला, तर तो त्याच टोळीचा दुसरा फेरा समजा.

८. सराव : तुम्ही काय कराल?

आधी स्वतः उत्तर द्या, मग पुढचं वाचा.

• बँकेतून फोन : "काका, तुमचं कार्ड आज बंद होणार, आलेला नंबर सांगा." — फोन ठेवा. कार्डाची शंका असेल तर उद्या शाखेत जा.

• भाच्याच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, शेवटी एपीके. — उघडू नका. भाच्याला साधा फोन करा, बहुतेक त्यालाच मदतीची गरज असेल.

• भेंडीचा व्यापारी म्हणतो : "पैसे पाठवलेत, पिन टाका म्हणजे जमा होतील." — पिन टाकला की पैसे जातील. माल देऊ नका.

• सोसायटीत ओळखीचा कर्मचारी समोर बसून म्हणतो, "ओटीपी सांगा, फॉर्म भरतो." — मेसेज पूर्ण वाचा. त्यात पैसे कापण्याचा उल्लेख असेल तर सांगू नका. फॉर्मचा असेल तर नंबर स्वतःच्या हाताने टाका.

शेवटची गोष्ट. फसवणूक झाल्यावर अनेक जण गप्प बसतात. बायको काय म्हणेल, पोरं हसतील, गावात नाव जाईल. त्या गप्प बसण्यातच पहिला तास निघून जातो, आणि टोळीला तोच हवा असतो. घरातल्या मोठ्या माणसाकडून असं काही झालं तर आधी १९३० लावा, बोलायचं ते नंतर बोला. त्या क्षणी रागावलात तर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाहीत.

येत्या मासिक सभेला फोन चार्ज करून आणा. कलम पाच मधली सेटिंग ज्यांची राहिली असतील त्यांची तिथे करून देऊ. सेटिंग तुमच्या हातानेच करायची, मी फक्त शेजारी बसून सांगणार.

आपला,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी, शहापूर-मुरबाड विभाग